सीटखालचं झाकण

मारुतीच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ज्याने ओम्नी किंवा ईको चालवली आहे त्याला हे सांगायला नको. इतर गाडीवाले बॉनेट उघडतात आणि एका नजरेत ऑइल, पाणी, बेल्ट सगळं बघून घेतात. व्हॅनवाल्याला आधी सीटवरचं सामान बाजूला करावं लागतं, खटका सोडून सीट उचलावी लागते, मग बॅटरीच्या उजेडात खालचं इंजिन दिसतं. रोजच्या घाईत एवढी खटपट कोण करणार? म्हणून व्हॅनच्या इंजिनाकडे फार कमी लक्ष जातं. आणि त्या इंजिनावरही जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही अशी वस्तू म्हणजे ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण.

मी सावंतवाडीत बेकरीचा माल पोचवतो. पहाटे भट्टीवरून पाव, बटर, टोस्ट, खारी घ्यायची, आधी शहरातली दुकानं करायची, मग ज्या दिवशी जी लाइन असेल ती. कधी बांदा, कधी कुडाळ, कधी दाणोलीवरून आंबोली. आधी ओम्नी होती, आता ईको आहे. गाडी बंद पडली तर पाव थांबत नाही, तो शिळा होतो. त्यामुळे गाडी नीट ठेवणं हा या धंद्यात अर्धा धंदाच आहे. इतकी वर्षं व्हॅन सांभाळताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या झाकणाने. इंजिनाच्या तब्येतीची इतकी खरी आणि इतकी लवकर बातमी दुसरं काहीही देत नाही, हे माझं अनुभवाचं मत आहे.

माझे मामा महिंद्राची जुनी पेट्रोल जीप चालवायचे. तिच्यात ऑइल भरायच्या नळीचं झाकण आणि ऑइल मोजायची पट्टी एकमेकांना जोडलेली असत. पट्टी बघायची तर झाकण काढावंच लागे. मामा सकाळी झाकण ओढून काढत, पट्टी फडक्याने पुसत, पुन्हा घालून बघत, आणि त्याच वेळी झाकणाची आतली बाजू त्यांच्या नजरेखालून जाई. पुढे गाड्यांत पट्टी वेगळी झाली, झाकण वेगळं झालं. ऑइल किती आहे ते पट्टीवर कळतं, मग झाकण कशाला काढायचं, असं ड्रायव्हरला वाटू लागलं. ऑइल कमी झालं तरच झाकण निघतं, नाहीतर सर्व्हिसिंगपर्यंत ते तसंच. पण ऑइल किती आहे हे पट्टी सांगते, आणि इंजिनाच्या आत वर काय चाललं आहे ते झाकण सांगतं. दोन्ही बघितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

मारुतीची व्हॅन रस्त्यावर आली १९८४ साली. ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं छोटं इंजिन. पुढे १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ईको २०१० मध्ये आली, तिचं इंजिन १.२ लिटरचं, चार सिलेंडरचं. दोन्ही इंजिनांत ऑइल फार नसतं, साधारण तीन लिटरच्या आसपास. ट्रकच्या इंजिनात एखादा लिटर इकडे तिकडे झाला तर निभावतं. इथे अर्धा लिटर गेला तरी इंजिनाला कळतो. थोडं ऑइल, सीटखालची कोंदट जागा, वर माणसं किंवा माल, आणि दिवसभर चालू-बंद. अशा इंजिनाला तोंडावरचं झाकण घट्ट आणि स्वच्छ असण्याची गरज इतर गाड्यांपेक्षा जास्तच आहे.

हे झाकण टॅपेट कव्हरवर बसतं. काही गाड्यांत आट्यांचं असतं, काहींत पाव वळसा फिरवला की खाचेत अडकणारं. वरून बहुधा तेलाच्या कुप्पीचं चित्र असतं आणि बऱ्याच झाकणांवर कुठल्या ग्रेडचं ऑइल घालायचं तेही छापलेलं असतं. आतल्या बाजूला रबराची रिंग असते. काम दोनच: आतलं ऑइल बाहेर येऊ द्यायचं नाही आणि बाहेरची धूळ, पाणी आत जाऊ द्यायचं नाही.

आमच्या भागात धुळीचा प्रश्न वेगळा आहे. जांभ्याची लाल माती उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होते आणि सीटखाली, वायरींवर, टॅपेट कव्हरवर तिचा थर बसतो. ऑइलचा थोडा जरी ओलावा असला की ती तिथेच चिकटते. तशा अवस्थेत झाकण फिरवलं तर कडेची माती सरळ तोंडात पडते. खाली कॅमशाफ्ट आहे, रॉकर आहेत, तिथून माती ऑइलबरोबर खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाते. मोठे कण फिल्टर अडवतो, पण फिल्टरपर्यंत जाण्याआधी ते ऑइल पंपातून जातात. माझ्या ओम्नीचं काम ज्या मिस्त्रींकडे असायचं ते गाडीला हात लावण्याआधी दोन फडकी मागायचे. एक ओलं, एक कोरडं. मी घाईत असलो की म्हणायचे, "वायच थांब. आधी पूस, मगे उघड. धूळ आत गेली की भायर येवची नाय." त्यांची ही शिस्त मी उचलली. आधी झाकणाच्या भोवतीची जागा पुसायची, मग अर्धा वळसा फिरवून पुन्हा कड पुसायची, मगच झाकण काढायचं.

काढलेलं झाकण कुठे ठेवायचं, हाही मोठा प्रश्न आहे. बॅटरीवर, बॉडीच्या पट्टीवर, इंजिनाच्या कडेला ठेवलेलं झाकण विसरलं जातं किंवा घरंगळून अशा ठिकाणी जातं की हात पोचत नाही. मिस्त्रींनी शिकवलेली रीत साधी आहे. झाकण काढायच्या आधी गाडीची चावी काढायची. झाकण काढलं की ते स्वच्छ फडक्यावर आतली बाजू वर करून ठेवायचं आणि चावी त्याच्या शेजारी ठेवायची. चावी घ्यायला हात गेला की झाकण दिसणारच. चावीशिवाय गाडी सुरू होत नाही, म्हणजे झाकणाशिवायही सुरू होत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हीच रीत पहिल्यांदा शिकवतो.

नरसाळ्याचंही तसंच. एकाच नरसाळ्याने डिझेल, पाणी आणि ऑइल ओतणारे पुष्कळ दिसतात. ऑइलचं नरसाळं वेगळं असावं, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावं. ऑइल घालताना गाडी सपाट जागेवर असावी, इंजिन बंद करून काही मिनिटं गेलेली असावीत, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं आणि पट्टी खरं माप देते. थोडं थोडं घालून मध्ये मध्ये पट्टी बघावी. जास्त ऑइल घातलं तर क्रॅंक त्याला घुसळतो, फेस येतो आणि ते वाफाऱ्याच्या, म्हणजे ब्रीदरच्या, नळीतून हवेच्या वाटेला जातं. कमी ऑइलसारखंच जास्त ऑइलही वाईट.

आता झाकणाच्या आतल्या बाजूबद्दल. खरी गोष्ट तिथे आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे हवा कोरडी अशी नसतेच. जून ते सप्टेंबर आंबोलीला जो पाऊस पडतो तो राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसांपैकी एक आहे, आणि सावंतवाडीतही कपडे वाळत नाहीत. त्या दिवसांत कधी कधी सलग शहरातलीच लाइन असते. भट्टीवरून निघायचं, एका दुकानापुढे थांबायचं, इंजिन बंद, पुढच्या दुकानापुढे पुन्हा तेच. अशा आठवड्यात झाकण काढलं की त्याच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा, ताकावर आलेल्या लोण्यासारखा थर दिसतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. कुणीतरी लगेच सांगतं, हेड पॅकिंग गेलं, इंजिन उघडावं लागणार.

पण बहुतेक वेळा तसं नसतं. त्यामागचं कारण साधं आहे. पेट्रोल जळलं की धूर होतो तसं पाणीही होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. सीएनजी जळताना तर तेवढ्याच कामासाठी पेट्रोलपेक्षा जास्त वाफ होते. यातली बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन पुरेसं तापलेलं असलं तर ऑइलमधलं ते पाणी उडून जातं आणि ब्रीदरच्या नळीतून पुन्हा हवेबरोबर इंजिनात जाऊन जळणाच्या वाटेने बाहेर पडतं. इंजिन तापायच्या आतच बंद झालं तर ती वाफ वरच्या थंड जागी पाणी होऊन बसते. टॅपेट कव्हर आणि त्यावरचं झाकण ही तशीच थंड जागा. तिथे पाणी आणि ऑइल एकत्र आलं की तो थर तयार होतो.

इथे एक बारकी गोष्ट ड्रायव्हरने लक्षात ठेवावी. डॅशबोर्डवरचा काटा किंवा दिवा पाण्याचं तापमान सांगतो, ऑइलचं नाही. ऑइल पाण्यापेक्षा उशिरा तापतं. काटा मध्यावर आला म्हणून ऑइलही तापलं असं समजू नये. शहरातल्या चार गल्ल्या फिरून काटा मध्यावर येतो, पण ऑइल अजून कोमटच असतं.

मी हे अनेक पावसाळ्यांत बघत आलो आहे. शहरातली लाइन करून करून झाकणाखाली थर जमतो. मग आंबोलीची फेरी येते. दाणोली सोडली की घाट सुरू होतो, मालाने भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढत सुमारे ७०० मीटर उंचीवर जाते, इंजिन चांगलं तापतं, तसंच तापलेलं राहतं. परत आल्यावर इंजिन निवलं की झाकण काढून बघावं तर थर बराचसा गेलेला असतो. त्यामुळे पावसाळ्यात फार दिवस शहरातच फिरणं झालं तर मी मुद्दाम एक लांबची फेरी स्वतः करतो, किंवा निदान झाराप-कुडाळपर्यंत हायवेला गाडी सलग चालवून आणतो. अशा चालीच्या गाडीचं ऑइलही हँडबुकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधी बदलावं, कारण ते किलोमीटर सरळ रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी असतात. चालू-बंद करत फिरणाऱ्या गाडीसाठी कमी मुदत हँडबुकातच दिलेली असते, पण ती ओळ कुणी वाचत नाही.

पण प्रत्येक पांढरा थर निरुपद्रवी असतो असं मानणं हा धोका आहे. आमच्याच लाइनवर भाजी नेणाऱ्या एका भावाच्या ओम्नीत असा थर दिसला. त्याने तो पुसला, चार दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा पुसला. मी त्याला पट्टी काढायला सांगितली. पट्टीवरचं ऑइलही खालपासून वरपर्यंत चॉकलेटी-पांढरं, गढूळ झालेलं. कूलंटच्या डबीत पाणी कमी होतं आणि ते तो दर दोन दिवसांनी वरून घालत होता, पण जमिनीवर गळतीचा एक थेंब नव्हता. ते पाणी जाणार कुठे? ते इंजिनात जात होतं. हेड पॅकिंग खरोखरच गेलेलं होतं. त्याने त्याच दिवशी गाडी उभी केली म्हणून हेडची प्लेनिंग आणि पॅकिंग एवढ्यावर भागलं. आणखी थोडे दिवस चालवली असती तर बेअरिंग गेली असती, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, थर दिसला की तीन गोष्टी बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ आहे का? कूलंटची पातळी आहे तिथेच आहे का? सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतो का? पट्टी स्वच्छ, कूलंट जागच्या जागी, धूर नाही, तर तो ओलाव्याचा थर आहे. गाडी लांब चालवा, बरं वाटेल. यातली एक जरी गोष्ट बिघडलेली असेल तर गाडी उभी करा आणि मिस्त्रीला बोलवा.

थर पांढरा नसून काळा, घट्ट, नखाने खरवडावा लागेल असा असेल तर त्याचा अर्थ वेगळा. ऑइल वेळेवर बदललेलं नाही किंवा बराच काळ वाईट ऑइल वापरलं आहे. ती काळी घाण ऑइलच्या बारीक वाटा बंद करते. जुनी व्हॅन घेताना मी सगळ्यात आधी झाकण काढतो. विकणारा हुशार असेल तर झाकण आधीच पेट्रोलने धुऊन ठेवतो. म्हणून झाकणावर थांबायचं नाही, बॅटरीचा उजेड तोंडातून आत टाकायचा. आत जेवढं दिसतं तेवढं कुणी धुऊ शकत नाही. रॉकरवर मधाच्या रंगाची हलकी छटा असेल तर चालेल. सगळीकडे काळं डांबर बसलेलं असेल तर गाडी कितीही चमकत असली तरी नको. आणि जुन्या गाडीवर एकदम नवं कोरं झाकण दिसलं तर ते का बदललं, हे विचारायला लाजू नये.

जुन्या डिझेल गाड्यांत मिस्त्री आणखी एक परीक्षा करतात. इंजिन चालू ठेवून झाकण सैल करून तोंडावर नुसतं ठेवतात. झाकण उडायला लागलं आणि खालून धूर भस्कन येत असेल तर कंप्रेशन खाली मारतंय, रिंगा किंवा बोअर झिजलेत. व्हॅनच्या पेट्रोल इंजिनात चालू असताना झाकण काढलं तर ऑइल उडून अंगावर येतं, सीटवर जातं, म्हणून ही परीक्षा ज्याला ठाऊक आहे त्यानेच करावी. नव्या इंजिनांत झाकण काढलं की आयडलिंगही बदलतं, कारण त्या इंजिनाची श्वास घ्यायची वाट बंदिस्त असते आणि झाकण काढल्यावर बाहेरची हवा भलत्याच जागेतून आत शिरते. झाकणाचं रबर कडक झालं तरी हाच प्रकार थोड्या प्रमाणात होऊ शकतो. गाडी उभी असताना इंजिन वर-खाली होतंय आणि कारण सापडत नाही, तेव्हा प्लग, सेन्सर बदलण्याआधी झाकणाची रिंग बघावी.

रिंगेची परीक्षा नखाने होते. रबरावर नख दाबून सोडलं की खूण लगेच भरून आली पाहिजे. खूण तशीच राहिली, किंवा रबर चपटं, चकचकीत, काचेसारखं झालं असेल तर त्याचं काम संपलं. इंजिनाच्या उष्णतेने रबर सुकतंच, त्यात कुणाचा दोष नाही. नवी रिंग किंवा नवं झाकण घ्यायला फार पैसे लागत नाहीत. पण लोक काय करतात? झाकण पक्कडीने आवळतात. प्लॅस्टिकचे आटे जातात, खाचेचे कान तुटतात. झाकण हातानेच लावायचं आणि हातानेच काढायचं असतं. कुणी सिलिकॉनची पेस्ट लावतो, कुणी नळाला गुंडाळायची पांढरी टेप गुंडाळतो. त्याचे तुकडे पुढच्या वेळी आत पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. एक गळती थांबवायला इंजिनाचा रक्तपुरवठा तोडण्यासारखं हे आहे.

आणखी एक गोष्ट. नवी रिंग टाकूनही झाकणातून ऑइल येत असेल तर दोष झाकणाचा नाही. ब्रीदरची नळी किंवा तिच्यातला व्हॉल्व्ह तुंबलेला असू शकतो. चेंबरमधला दाब बाहेर जायला वाट राहिली नाही की तो जिथून जमेल तिथून ऑइल ढकलतो. झाकणातून, पट्टीच्या तोंडातून, ऑइल सीलमधून. एके काळी इंजिनं हा वाफारा सरळ हवेत सोडायची, ऑइल भरायच्या झाकणालाच जाळी असायची आणि त्यातून ताजी हवा आत जायची. १९६० च्या दशकात अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात, प्रदूषणासाठी ही वाट बंद करून वाफारा पुन्हा इंजिनात जाळायची पद्धत आली. आज आपल्या बहुतेक गाड्यांत तीच आहे. तेव्हापासून झाकण पूर्ण बंद असणं गरजेचं झालं आणि ब्रीदरची नळी साफ असणं त्याहून गरजेचं झालं.

झाकण नीट न लावण्याचं मोल काय असतं ते मी आंबोली घाटात बघितलं. गणपतीच्या आधीचे दिवस होते. चाकरमानी यायला लागले की पाव, खारी, नानकटाई दुप्पट-तिप्पट जाते. आदल्या संध्याकाळी गाडी एका गॅरेजला ऑइल बदलायला दिली होती. सकाळी भरून निघालो. दाणोलीच्या पुढे चढ लागल्यावर केबिनमध्ये तळलेल्या तेलाचा करपट वास येऊ लागला. पावसात काचा बंद, त्यामुळे वास लवकर कळला. व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली असण्याचा हा एक फायदाच म्हणायचा. जिथे रस्ता रुंद होता तिथे गाडी बाजूला घेतली, शेजारी बसलेल्या पोराला उतरवलं, इंजिन बंद केलं. सीट उचलली तर निळसर धूर. झाकण तोंडावर होतं, पण आटा तिरका बसलेला. चढावर इंजिन जोरात फिरू लागलं तसं ऑइल फटीतून उडून कव्हरवर पसरलं होतं आणि खाली मॅनिफोल्डवर ठिबकत होतं.

ऑइल पेट्रोलसारखं चटकन पेट घेत नाही, पण तापलेल्या मॅनिफोल्डवर सतत पडत राहिलं तर धुराच्या पुढे आगही लागू शकते. ती आग सीटखाली, बसलेल्या माणसाच्या पायाशी. आम्ही इंजिन निवू दिलं, फडक्यांनी जमेल तेवढं पुसलं, झाकण काढून आटे साफ करून सरळ बसवलं. पट्टी बघितली, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. गाडीत मी नेहमी एक सीलबंद कॅन ठेवतो, त्यातलं घातलं आणि मगच पुढे निघालो. दुकानांना माल उशिरा पोचला, पण पोचला. त्या दिवसापासून गाडी कुठल्याही गॅरेजमधून आली की पैसे देण्याआधी मी सीट उचलतो. झाकण, फिल्टर आणि खालचा ड्रेन बोल्ट, तिन्हींना हात लावून बघतो. काम करणाऱ्या मुलाला राग येऊ नये म्हणून त्याच्या समोरच बघतो. चांगल्या मुलांना राग येत नाही, उलट पुढच्या वेळी ते स्वतःच दाखवतात.

झाकण हरवलं तर काय करायचं, हे ड्रायव्हर लोक मला विचारतात. तोंडात फडकं कोंबू नका. खाली फिरणारे भाग आहेत, फडकं त्यात ओढलं गेलं तर इंजिन उघडायलाच लागतं. प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर ती वितळते. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एक जादा झाकण गाडीच्या कप्प्यात ठेवणं. आपल्याच मॉडेलचं, कंपनीचं. बाजारातलं स्वस्त झाकण दिसायला तसंच असतं, पण रिंगेची जाडी किंवा आट्यांची उंची थोडी जरी वेगळी असली तरी ते नीट बसत नाही.

गाडी धुताना सीट उचलून इंजिनावर प्रेशरचं पाणी मारणारेही आहेत. झाकण जुनं असेल तर ते पाणी आत जातं. इंजिन पुसावं, फवारू नये.

हे सगळं सांगायचं कारण असं की व्हॅन चालवणारे बहुतेक जण दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असतात. मालक म्हणतो, तू फक्त चालव, बाकी गॅरेजवाला बघेल. गॅरेजवाला गाडी वर्षातून काही वेळाच बघतो. मधल्या सगळ्या दिवसांत गाडीजवळ कोण असतं? ड्रायव्हर. गाडीचा वास, आवाज, सीटखालची ऊब त्यालाच ठाऊक असते. त्याला झाकण काढायला शिकवणं हे मालकाच्याच फायद्याचं आहे, आणि ड्रायव्हरच्या जिवाचंही आहे. शाळेची मुलं नेणाऱ्या व्हॅन आहेत, आजाऱ्याला नेणाऱ्या व्हॅन आहेत. त्यांच्या सीटखाली इंजिन कसं आहे, हे जाणणारा माणूस स्टेअरिंगवर असलाच पाहिजे.

म्हणून व्हॅन चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आठवड्यातून एकदा, गाडी निवलेली असताना, सीट उचला. झाकणाची कड पुसा, झाकण काढा, आतली बाजू बघा, रिंगेला नख लावून बघा, पट्टी बघा, मग झाकण हाताने घट्ट बसवा आणि चावी हातात घ्या. यात पाच मिनिटंही जात नाहीत. पावसाळा सुरू व्हायच्या आत रिंग नवी टाका आणि गाडी पोराच्या हातात देण्याआधी त्यालाही हे करून दाखवा.